राजीनामा नको

बायको गेली तेव्हा मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. एकानं भाषणात सांगितलं की वहिनी फार शांत होत्या, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. मी त्या भल्या माणसाला काही म्हटलं नाही. चहा प्यालो आणि घरी आलो. पण ते खोटं आहे, आणि मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलायचं काही कारण नाही. ती सगळ्यांच्या अध्यातही होती आणि मध्यातही होती. तिचं तोंड बंद असलं की समजावं, ताप आला.

आता घरात तोंड चालवणारं कोणी नाही. मुलगा आणि सून स्मृति नगरात राहतात, नातवंडं माझ्याशी हिंदीत बोलतात. मी चौथी शिकलो आहे. शाळेतली मराठी जेवढी आठवते तेवढी लिहितो, मधात घरची आली तर येऊ द्या. शेजारच्या घरातल्या एका पोरीला डाग दिला होता, आणि ती पोरगी परत त्या घरात जाऊ नये म्हणून माझी बायको ठाण्यात आणि कोर्टात गेली. ते लिहितो. शोकसभेतल्या माणसाला वाचायचं असेल तर वाचेल.

दुर्गजवळचा पोलादाचा कारखाना तेव्हा बनून राहिला होता. मी खलाशी होतो. खलाशी म्हणजे जहाजावरचा नाही, इथं गर्डर दोरानं बांधून वर चढवणाऱ्याला खलाशी म्हणत. रुआबांध्याच्या बाजूला टिनाच्या छताच्या घरांची लाइन होती, त्यात आम्ही राहत होतो. दोन घरांमधली भिंत छतापर्यंत गेलेली नव्हती. एका घरात फोडणी पडली की दुसऱ्या घरात ठसका लागायचा. पूर्ण लाइनीला एक नळ.

आमच्या बाजूच्या घरात स्टोअरमधला बाबू राहत होता. आमच्याच जिल्ह्याचा, मॅट्रिक झालेला. त्यानंच शब्द टाकला म्हणून मी कामाला लागलो होतो. त्याची बायको, एक तान्हं पोरगं, आणि बायकोच्या भावाची पोरगी, सात-आठ वर्षांची. पोरीची माय मेलेली. शाळेत घालतो म्हणून आत्यानं तिला आणलं होतं. शाळा तिनं पाहिली ती रस्त्यावरून, कडेवर तान्हं घेऊन.

तिला मार पडायचा तो लाइनीला ऐकू यायचा. लोक म्हणायचे, वळण लावून राहिले. त्या काळात मारण्याला मार म्हणत नव्हते. मलाही माझ्या बापानं बैलाच्या काठीनं मारलं आहे.

थंडीचे दिवस होते. पोरगी नळावर आली, एका हातानं बादली ओढून राहिली होती. दुसरा हात अंगाला धरलेला. बायकोनं पाहिलं तर झंपरची बाही दंडाला चिकटलेली. तिला घरात आणलं, पाणी लावून लावून बाही सोडवली.

"काय झालं वो?"

"चुलीवर पडली, काकी."

"चुलीवर पडली त हात पुढं येते. दंड मागून कसा भाजला?"

 दंडावर दोन पट्टे होते, बाजूबाजूला, सारखे. बायकोनं खोबरेल लावलं, भात वाढला आणि पुढं काही विचारलं नाही. अर्धा भात झाल्यावर पोरगी आपणच बोलली, "दूध उतू गेलं होतं."

बायको तशीच उठून बाजूच्या दारात गेली.

"हे काय वो बाई?"

"चुलीवर पडली. डोळे फुटले मेलीचे."

"तुमच्या चुलीले चिमट्यासारखे दोन पाय फुटले काय?"

"आमची पोट्टी आहे, आमी पाहू," पोरीची आत्या म्हणाली. "तुमाले लेकरू होत नाही म्हनून दुसऱ्याचं पायजे काय?"

आमच्या लग्नाला काही वर्षं झाली होती आणि तोवर मूल नव्हतं. हे बोलणं बायकोनं मला कधीच सांगितलं नाही, मला लाइनीतल्या दुसऱ्या बाईकडून समजलं. ती घरी आली, अंगावर शाल घेतली, पोरीला घेतलं आणि चालत ठाण्यात गेली. मी ड्यूटीवर होतो.

ठाण्यात लिहायच्या कामावर एक म्हातारा हवालदार होता, सागर शहराकडचा. शुद्ध हिंदी बोलणारा. माझ्या बायकोला तेव्हा बाजारापुरती हिंदी येत होती. त्यानं तिला बसवलं आणि पहिली गोष्ट विचारली, "हाथ से मारा कि किसी चीज़ से?"

हे तो का विचारत होता ते मला पुढं समजलं. हातानं मारलं, साधं लागलं, तर ती दफा, म्हणजे कलम, तीनशे तेवीस. त्यात पोलीस आपल्या मनानं कोणाला धरू शकत नव्हते. ते अदम चेक लिहायचे, म्हणजे तुमची गोष्ट कागदावर घेतली, आता तुम्ही जा मॅजिस्ट्रेटकडं. गरीब माणूस तिथूनच घरी परत जायचा. पण तापवलेल्या वस्तूनं इजा केली तर दफा तीनशे चोवीस. मग पोलिसांना लिहून घेऊन तपास करावाच लागायचा, सांगायला बाप आला काय आणि शेजारीण आली काय. तेवीस की चोवीस, सगळं त्या एका गोष्टीवर होतं. आणि वस्तू तापलेली होती हे दोघंच सांगू शकत होते, एक ती पोरगी आणि दुसरा डॉक्टर.

बायकोनं चिमटा म्हटलं. हवालदारानं पेन टोपणात घातला आणि म्हणाला, "ठीक है बाई. अब मुलाहिजा होगा."

आता आपल्यात मुलाहिजा ठेवणं म्हणजे काय, ते मराठी माणसाला सांगायला नको. मोठ्या माणसाची भीड धरणं. बायकोच्या डोक्यात तेच आलं.

"त्याचा मुलाहिजा कावून? बाबू आहे म्हनून?"

"उसका नहीं बाई, बच्ची का मुलाहिजा."

"बच्चीचा कोनी मुलाहिजा ठेवला असता त मी इथं कायले आली असती?"

आणि पोरीचा हात धरून निघून आली. हवालदार दारापर्यंत मागं आला, हाका मारत. तिनं वळून पाहिलं नाही.

मी घरी आलो तर पोरगी चुलीजवळ बसलेली आणि बायकोचं तोंड आंबट.

"ठाण्यातही त्याची पोच आहे," ती म्हणाली. "मुलाहिजा करून राहिले त्याचा."

मलाही तेच वाटलं. "मंग आता?"

"आता काही नाही. पोट्टी इथंच राहीन."

दिवेलागणीला बाबू दारात आला. आत नाही आला.

"पोट्टी कुठं आहे?"

"जेवून राहिली," मी म्हटलं.

"तुह्या गेटपासवर सही कोनं करवून देल्ली होती गा?"

"तुमी."

"मंग?"

"मंग काय जी. सही गेटपासवर होती, पोट्टीवर नव्हती."

तो म्हणाला, "पाहतो." आणि त्यानं पाहिलं. सकाळी शिपाई आला, पळवलेली मुलगी कुठं आहे म्हणून. बाबूनं आमच्यावर लिहून दिलं होतं की याच्या बायकोनं माझी भाची पळवली. दुसऱ्याच्या ताब्यातलं मूल नेणं हाही गुन्हाच, आणि तो तीनशे चोवीसपेक्षा मोठा. पूर्ण लाइन नळावर उभी राहून पाहत होती. बादल्या भरून वाहून राहिल्या होत्या, नळ कोणी बंद करीना.

ठाण्यात हवालदारानं माझ्या बायकोला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "यही बाई है जो मुलाहिजा छोड़ के भागी." मग बाबूकडं पाहून म्हणाला, "आप कहते हैं लड़की भगाई. ये कहती है लड़की जलाई. लड़की तो एक ही है ना? पहले लड़की को देख लेते हैं."

त्यानं बायकोला समजावून सांगितलं की पोलिसांच्या बोलीत मुलाहिजा म्हणजे डॉक्टरनं जखमा पाहणं आणि लिहून देणं.

"मंग सरळ डॉक्टर म्हना ना," बायको म्हणाली.

"ज़िंदगी भर मुलाहिजा बोला बाई, किसी ने गाली नहीं समझी."

ती लाजली नाही. पण त्या दिवसापासून तिनं एक शब्दही विचारल्याशिवाय जाऊ दिला नाही. दफा म्हणजे? अदम चेक म्हणजे? सुपुर्दगी म्हणजे? हवालदार म्हणाला, "वकीलनी बनेगी क्या?" ही म्हणाली, "बनीन. तुमचं काय जाते?" पुढं तिनं त्याला हेही विचारलं की केस तुटते कशानं. त्यानं सांगितलं, एक तर साक्षीदार पलटला तर, नाही तर राजीनामा झाला तर. आणि राजीनामा म्हणजे काय तेही सांगितलं. इथं कोर्टात राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं नाही. दोन्ही बाजूंनी आपसात मिटवणं. ज्याला लागलं त्यानं कोर्टाच्या परवानगीनं मिटवलं तर आरोपी सुटला. ज्याला लागलं ते लेकरू असेल तर त्याच्या वतीनं बाप मिटवतो.

हे मला तिनं तेव्हा सांगितलं नाही. मला ठाऊक असेल असं तिला वाटलं. मला ठाऊक नव्हतं.

कारखान्याच्या दवाखान्यात एक बंगाली डॉक्टरीणबाई होती. तिनं आधी माझ्या बायकोलाच बाहेर काढलं. तक्रार करणारं माणूस समोर असलं की लेकरू त्याच्या तोंडाकडं पाहून बोलते, म्हणून. पोरीला हिंदी येईना, डॉक्टरीणबाईला मराठी येईना. बालाघाटकडची एक आया होती, तिला दोन्ही येत होतं, ती मधात बसली. पोरीनं सांगितलं, डाग बाबूनं दिला. डॉक्टरीणबाई तेल लावलं म्हणून रागावली. एक दिवस गेला, वरून खोबरेल चोपडलं, आता जखम किती जुनी ते कसं लिहू? तरी तिनं लिहिलं. तापलेल्या लोखंडी वस्तूनं, दोन पट्टे, ताजे. आणि खाली, कोपराच्या वर, तसलाच एक जुना, भरून आलेला. तो आम्ही कोणीच पाहिला नव्हता. त्या जुन्या डागानं चुलीवर पडण्याची गोष्ट संपली. एकच पोरगी एकाच चुलीवर दोनदा पाठमोरी पडत नाही.

मग हवालदार चिमटा जप्त करायला लाइनीत आला. त्याला दोन माणसं पाहिजे होती, समोर उभी राहून सही करणारी. सगळ्यांना एकदम कामं आठवली. शेवटी माझ्या टोळीतला एक तेलुगू खलाशी आणि एक छत्तीसगढी दूधवाला उभे राहिले. पोरीची आत्या चिमटा देताना म्हणाली, "आता रोटी कायनं उलटवू?" लाइनीतली एक म्हातारी म्हणाली, "बोटानं उलटव वो. समजन भाजते कसं."

पोरीचं काय करायचं हा प्रश्न उरला. हवालदार आम्हाला म्हणाला, मारणाऱ्याला धरायचा कायदा माझ्याकडं आहे. मार खाणारं लेकरू कुठं ठेवायचं ते माझ्या पुस्तकात नाही. बाबू म्हणाला, माझी भाची आहे, मी नेतो. हवालदार म्हणाला, "जिस घर से चिमटा उठाया उसी घर में लड़की रख दूँ?" बाप येईपर्यंत पोरगी आमच्या सुपुर्द केली. मी सही केली, आणि पळवल्याची तक्रार तिथंच संपली. पण त्यानं साफ सांगितलं, बाप आला की पोरगी बापाची. बापानं तिला परत त्याच घरी ठेवली तरी तुम्ही काही बोलू शकत नाही, आणि मीही नाही.

तेव्हापासून बायको बापाची वाट पाहायची आणि त्यालाच भ्यायची.

तो तुमसरकडून आला. विड्या वळणारा माणूस, बोटं तंबाखूनं पिवळी. पोरीचा दंड पाहिला आणि खाली बसला. चिडला नाही. चिडला असता तर बायकोला बरं वाटलं असतं.

"आता काय करू जी," तो मला म्हणाला. "बहीन आहे माही. मायमागं तिनंच मले वाढवलं. जवाई रागीट आहे, हे खरं. पर घरी माह्या बाई नाही. पोट्टीले पाहीन कोन?"

"तुमी पाहा," बायको म्हणाली.

"मी दिवसभर कारखान्यात असतो वहिनी, विडीच्या."

"मंग पोट्टीले तिथं बसवा बाजूले. भाजन त नाही."

तो बाहेर जाऊन बसला. बायको मला म्हणाली, "हा मिटवते, पाहा तुमी. मिटवते अन् पोट्टीले तिथंच ठेवून जाते."

दुर्गच्या कोर्टात तारीख पडली. आम्ही चौघं गेलो, बाप, पोरगी, बायको आणि मी. बाबू आणि त्याची बायको आधीच आलेले. त्यांनी वकील केला होता, पान खाणारा, बोलका माणूस. त्यानं बाबूला तंबी दिली होती की पोरीच्या बापाशी एक शब्द बोलायचा नाही. साक्षीदाराला फोडलं म्हणतील, मी काय बोलायचं ते बोलतो. म्हणून बाबू झाडाखाली उभा राहून पायानं माती उकरत होता, आणि त्याची बायको तोंडाला पदर लावून बसली होती.

वकील आमच्याकडं आला, बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "देखो भाई, घर की बात है. राजीनामा कर लो. आज का आज खतम. साहब पूछेंगे, तुम हाँ बोल देना." आणि दुसऱ्या अशिलाकडं गेला.

बाप मग आम्हाला म्हणाला, "त्याले राजीनामा द्यायले लावून राहिले."

मी म्हटलं, "असंन."

"म्हनजे नोकरी गेली त्याची."

"राजीनामा म्हटलं की गेलीच."

"मंग माही बहीन काय खाईन? तान्हं पोट्टं आहे तिचं." त्याच्या गावच्या शाळेतल्या मास्तरनं राजीनामा दिला होता, तेव्हा त्या मास्तरच्या घरात काय हाल झाले ते त्यानं आम्हाला सांगितलं. "त्यानं माह्या पोट्टीले भाजलं, हे खरं. पर मी कोनाच्या पोटावर पाय नाही देनार. मी त नाहीच म्हनतो."

मला ते पटलं. माणूस चांगला वाटला. बायको पोरीची वेणी सोडून पुन्हा घालत होती. ती एक शब्द बोलली नाही.

पुकारा झाला. मॅजिस्ट्रेट चष्मेवाले, हळू बोलणारे. वकील उठून म्हणाला, हुजूर, मुलीचे पिता हजर आहेत, राजीनामा करायला तयार आहेत, परवानगी द्यावी. मॅजिस्ट्रेटनी बापाला विचारलं, "राजीनामा चाहते हो?"

बापानं हात जोडले. "नाही जी. राजीनामा नको."

"क्या?"

"नहीं चाहिए, साहेब. राजीनामा नहीं."

वकिलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तो म्हणाला, हुजूर, अडाणी माणूस आहे, प्रश्न समजला नाही, थोडा वेळ द्या. मॅजिस्ट्रेट म्हणाले, "नहीं का मतलब मैं समझता हूँ वकील साहब. गवाह बुलाइए."

मी बायकोकडं पाहिलं. ती छताकडं पाहत होती, जसं काही तिथं कोणी गर्डर चढवून राहिलं आहे.

पोरीला बोलावलं. एवढ्या लहान पोरीला शपथ देण्याआधी मॅजिस्ट्रेट पाहतात, तिला खरंखोटं समजते की नाही. त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं, आज काय खाल्लं ते विचारलं. मग विचारलं, "झूठ बोलना किसको कहते हैं?" त्यांच्या बाजूला बसलेल्या पेशकाराला, म्हणजे कोर्टाच्या कारकुनाला, थोडी मराठी येत होती, त्यानं ते पोरीला सांगितलं.

पोरगी म्हणाली, "चुलीवर पडली म्हननं."

पेशकारानं हिंदी करून सांगितलं. मॅजिस्ट्रेटनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, लिहा, साक्ष देऊ शकते.

तिनं सांगितलं. दूध उतू गेलं, चिमटा चुलीत होता, तो बाबूनं काढला. फार बोलली नाही. विचारलं तेवढंच. मग बाबूचा वकील उठला. राजीनाम्याचा राग त्याच्या डोक्यात होता, म्हणून त्यानं विचारू नये ते विचारलं. चिमटा लाल होता म्हणतेस, दिसत होता म्हणतेस, मग तू पळाली का नाहीस? दार तर उघडं होतं.

"आत्यानं धरलं होतं," पोरगी म्हणाली.

हे तिनं आम्हाला सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं, डागणारा कोण ते माहीत होतं म्हणून. बाप माझ्या बाजूला बसला होता. त्यानं तोंड फिरवून बाहेरच्या वऱ्हांड्याकडं पाहिलं, जिथं त्याची बहीण बसली होती. मग पुन्हा समोर पाहायला लागला.

साक्ष संपली आणि आम्ही बाहेर आलो. आता बाबूला वकिलाची तंबी आठवली नाही. तो धावत आला.

"अरे बैला, राजीनामा म्हनजे नोकरीचा राजीनामा नाही! तडजोड! आपसात मिटवनं! आताही होते, चाल आत, सांग साहेबाले."

बाप पायरीवर बसला होता. "तडजोड होय काय?"

"त काय सांगून राहिलो!"

"मले वाटलं तुमची नोकरी जाते."

"नाही जात रे बावा. तू फक्त हो म्हन."

त्याची बहीण जवळ आली. "भाऊ," म्हणाली. तिला आणखी काही बोलायचं होतं, पण तो तिच्याकडं पाहीना. बराच वेळ तो आपल्या पिवळ्या बोटांकडं पाहत होता.

"मघाशी समजलं असतं त हो म्हटलं असतं, जवाईबापू," तो बाबूला म्हणाला. "म्हटलंच असतं. तवा मले हे धरल्याचं ठाऊक नव्हतं."

"आता म्हन."

"आता नाही होत."

आणि पोरीला विचारलं, भजी खाते काय.

निकाल पुढच्या तारखांना लागला. बाबूला दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत बसवून ठेवलं. त्याच्या बायकोवर केस झाली नाही. माझ्या मते हे कमी झालं. चिमट्यानं भाजणाऱ्याला दिवसभर बाकावर बसवणं ही काही शिक्षा नाही, मी ड्यूटीवर यापेक्षा जास्त उन्हात बसलो आहे. बाबूची नोकरी गेली नाही, तो दुसऱ्या स्टोअरमध्ये गेला आणि लाइन सोडून गेला. नळावर लाइनीतल्या अर्ध्या बायका आमच्याशी बोलेनाशा झाल्या. घरची गोष्ट कोर्टात नेली म्हणून. बायकोला त्याचं काही नव्हतं, ती दोन्ही अर्ध्यांशी बोलायची, उत्तर येवो न येवो.

आता लेकरांसाठी वेगळे कायदे आहेत आणि पाहायला वेगळी माणसं आहेत, असं नात सांगते. चांगलं आहे. तेव्हा एक म्हातारा हवालदार होता आणि त्याच्या पुस्तकात दोन आकडे होते.

साक्ष झाली त्याच दिवशी बाप पोरीला घेऊन गावी निघाला. कोर्टातून आम्ही सरळ दुर्ग स्टेशनवर गेलो. गोंदियाकडं जाणारी पॅसेंजर यायची होती. फलाटावर बायकोनं एकदा विचारून पाहिलं.

"भाऊ, पोट्टीले माह्यापाशी ठेवता काय? शाळेत घालीन. खरंच घालीन."

तिनं असं कधी कोणाला काही मागितलं नव्हतं. मी दुसरीकडं पाहिलं.

"नाही वहिनी," बाप म्हणाला. "दुसऱ्याच्या घरी ठेवून पाहिलं. आता माह्यापाशीच राहीन. तुमी म्हटलं तसं विडीच्या कारखान्यात नेतो, बाजूले बसन."

बायकोनं मान हलवली. त्याचं बरोबर होतं आणि तिला ते समजत होतं.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "वहिनी, तुमाले ठाऊक होतं काय जी? राजीनामा म्हनजे काय ते?"

"होतं."

"मंग मले सांगतलं कावून नाही?"

"तुमी बरोबर बोलून राहिले होते, भाऊ. मधात कायले बोलू?"

तो तिच्याकडं पाहत राहिला. रागावतो की काय असं मला वाटलं. पण गाडी आली, गर्दी झाली, त्यानं पोरीला उचलून खिडकीतून आत दिलं आणि स्वतः दारातून चढला. पोरीला खिडकी मिळाली. ती हातातले शेंगदाणे मोजून रुमालात बांधत होती. गाडी सुटली तरी तिचं लक्ष रुमालातच होतं.

"मागं पाह्यलं नाही तिनं," बायको म्हणाली.

"खिडकी भेटली तिले. कायले पाहीन?"

"बरं झालं," ती म्हणाली, आणि आम्ही बस धरायला निघालो.